धूर की वाफ?

थंडी पडू लागली की आमच्या गल्लीत एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. सकाळी कोणीतरी गाडी सुरू करतो, मागून पांढरा लोट निघतो आणि चहाचा कप हातात धरून ओट्यावर उभा असलेला शेजारी निदान सांगून मोकळा होतो, "इंजन बसलं जी तुमचं." यंदा हा प्रश्न तिघांनी आम्हालाच विचारला. आम्ही शिकवतो उर्दू आणि मराठी. इंजिनाशी आमचं काही नातं नाही. पण दोन वर्षांपूर्वी याच पांढऱ्या धुराने आम्हाला एकदा फसवलं, मग आम्ही स्वतःच स्वतःला फसवलं, आणि या दोन्हींच्या मध्ये घरातलं एक नातं तुटता तुटता राहिलं. म्हणून या महिन्याचं पान त्या धुराला.

गाडी आमच्या मामूजाद भावाची. ते नागपूरला राहतात, वयाने आमच्याहून बरेच मोठे. सगळं खानदान त्यांना बडे भाई म्हणतं. त्यांनी मोठी गाडी घेतली आणि आठ वर्षं वापरलेली पेट्रोलची छोटी गाडी आम्हाला दिली. किंमत २ लाख. त्यातले १ लाख रोख, बाकी सवडीने. कागद नाही, साक्षीदार नाही, व्याजाचा तर प्रश्नच नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ती भंडाऱ्याला आणली. अम्मींना मागच्या सीटवर बसवून येताना आम्हाला जे वाटलं ते ज्यांनी चाळिशी ओलांडल्यावर पहिली गाडी घेतली त्यांनाच कळेल.

डिसेंबरात थंडी वाढली. शनिवारची शाळा सकाळची असते. फजर पढून, टोपरं बांधून आम्ही गाडी सुरू केली तर मागे पांढरा ढगच. नदीकडून आलेलं धुकं होतंच, त्यात आमची भर. शेजाऱ्यांनी निदान सांगितलं ते वर दिलेलंच आहे. शाळा सुटल्यावर गाडी एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने बॉनेटही उघडलं नाही. "पांढरा धूर म्हणजे हेड गॅसकेट. हेड उतरवावं लागेल, २२ हजार धरून चाला."

त्या रात्री आम्ही बडे भाईंना फोन केला. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. मतितार्थ एवढाच, की घरच्या माणसाला असा माल देताना थोडा विचार करायचा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "गाड़ी वापस ले आओ, पैसे ले जाओ." आणि फोन ठेवला.

महामार्गालगत एक वयस्क उस्ताद बसतात. ट्रॅक्टर, जीप, धानाचे हार्वेस्टर, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. कोणाच्या तरी सांगण्यावरून रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आमची सगळी तक्रार ऐकली, गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि विचारलं, "मास्तरसाहेब, धूर कुठे आहे?"

धूर नव्हता. इंजिन सुरू होतं, सायलेन्सर गरम होता आणि मागे काहीच दिसत नव्हतं.

मग त्यांनी चार प्रश्न विचारले. धूर दिवसाच्या कोणत्या वेळी दिसतो? सुरू केल्यापासून किती वेळ टिकतो? त्याला वास कसला येतो? आणि कूलंटच्या डब्यातलं पाणी कमी होतं का? यातल्या एकाचंही उत्तर आम्हाला नीट देता आलं नाही. २२ हजारांचा हिशेब आणि भावाच्या नियतीचा हिशेब मात्र आम्ही करून बसलो होतो. सूरह हुजुरात आम्ही वर्गात शिकवत नसलो तरी घरात पढतो. खबर आली तर आधी तहकीक करा आणि बदगुमानीपासून दूर राहा, ही त्यातली शिकवण लहानपणापासून ऐकत आलो. ती धुरालाही लागू पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

उस्तादांनी सांगितलं ते पुढे शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून समजून घेतलं. पेट्रोल जळताना त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो आणि पाणी तयार होतं. थोडंथोडकं नाही, साधारण १ लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ १ लिटर पाणी. हे पाणी वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून बाहेर जातं. इंजिन तापलेलं आणि हवा गरम असेल तर ती वाफ दिसत नाही. पण रात्रभर उघड्यावर राहिलेली गाडी, गार पडलेला लोखंडी पाइप आणि बाहेर दहा-बारा अंशांची हवा असेल, तर तीच वाफ थिजून पांढरी दिसते. थंडीत आपल्या तोंडातून निघते तशी. पाइपाच्या टोकातून पाण्याचे थेंब पडतात, तेही याचमुळे. अशा वाफेला विशेष वास नसतो, ती हवेत लगेच विरते, आणि पाच-दहा मिनिटं गाडी चालली की बंद होते. ती आजार नाही. एकच नुकसान: ज्यांची गाडी रोज फक्त दोन किलोमीटर बाजारापर्यंत जाऊन येते त्यांचा सायलेन्सर पूर्ण तापतच नाही, पाणी आत साचून राहतं आणि पाइप आतून गंजतो.

उस्तादांनी कूलंटच्या पांढऱ्या डब्यावर, पाणी होतं त्या ठिकाणी, काळी इन्सुलेशन टेप चिकटवली. म्हणाले, "आठ दिवस रोज सकाळी सुरू करायच्या आधी बघा. पाणी टेपच्या खाली गेलं तर या. नाही गेलं तर थंडीचा आनंद घ्या." पैसे घेतले नाहीत. आठ दिवस पाणी टेपला चिकटून राहिलं. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

आता खरं म्हणजे त्याच दिवशी बडे भाईंना फोन करायला हवा होता. केला नाही. आज करू, उद्या करू, जुम्म्याला करू, असं चाललं. शरमेचं असंच असतं, जितके दिवस जातात तितकी ती जड होते. महिन्याचा हप्ता मात्र वेळेवर पाठवत राहिलो, जणू त्यातच माफी पोचत होती.

रमजान आला, ईद झाली. ईदला त्यांचा फोन अम्मींना आला, आम्हाला नाही.

आणि मग एप्रिलचं ऊन. आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पारा ४३-४४ वर असतो आणि दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. या दिवसांत एके सकाळी कूलंट टेपच्या खाली गेलेलं दिसलं. आम्ही काय केलं? घरच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून डब्यात ओतलं, पाणी टेपशी बरोबर आणलं आणि समाधानाने बॉनेट लावलं. चार दिवसांनी पुन्हा तेच. टेप होती, रोज बघतही होतो. फक्त ती कशासाठी लावली आहे ते विसरलो होतो.

अम्मींच्या मोतीबिंदूची तपासणी नागपूरला होती. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. दुपारची वेळ मिळाली होती म्हणून बाराच्या सुमारास निघालो. पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर बेगम म्हणाल्या, "मागे पांढरं दिसतंय." आरशात पाहिलं. दिसत होतं. आम्ही शांतपणे त्यांना पेट्रोल आणि पाण्याचा सगळा धडा ऐकवला. ही वाफ आहे, उस्तादांनी सांगितलंय, घाबरायचं कारण नाही. त्या म्हणाल्या, "पण ती थंडीतली गोष्ट होती ना?" या प्रश्नाला आम्ही उत्तर दिलं नाही. तापमानाचा काटाही वर सरकला होता, त्याचा दोष आम्ही उन्हाला दिला.

मौद्याच्या अलीकडे इंजिन धापा टाकू लागलं, मग बंद पडलं. बॉनेटच्या फटीतून वाफ फुसफुसत होती. अम्मींना कडुनिंबाच्या सावलीत बसवलं. आणि आता फोन कोणाला करायचा? नागपूरच्या बाजूला आमचं दुसरं कोण होतं? बेगमनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही रस्त्याकडे पाहिलं, आणि मग नंबर लावला. बडे भाईंनी दोनच गोष्टी विचारल्या: कुठे आहात, आणि अम्मी सावलीत आहेत का. पुढे एक सूचना दिली, "रेडिएटर का ढक्कन मत खोलना."

आम्ही तेच करणार होतो. पाण्याची बाटली हातात होती. म्हणून हे इथे जरा सविस्तर सांगतो, कारण दरवर्षी उन्हाळ्यात या एका चुकीने माणसं भाजतात. गाडीतलं कूलंट चालू इंजिनात साधारण ९० अंशांच्या आसपास असतं, गाडी तापली की त्याहून कितीतरी वर जातं. तरी ते उकळत नाही, कारण झाकणाने आत दाब धरून ठेवलेला असतो. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभरच्या वर जातं तसंच. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. कुकरची शिटी काढून झाकण ओढायचं नाही हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलीलाही माहीत असतं. गाडीच्या बाबतीत मात्र मोठी माणसं विसरतात. इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबायचं. वरचा रबरी पाइप हाताला कोमट लागेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी तर ओतायचंच नाही, धातूला तडा जाऊ शकतो.

तासाभरात बडे भाई आले. आम्ही पुढे होऊन डिसेंबरच्या फोनबद्दल बोलायला लागलो. सगळं एकदम बोललो, उस्ताद, टेप, आठ दिवस, सगळं. त्यांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला. "मियाँ, पहले अम्मी को बिठाओ." अम्मी त्यांच्या गाडीतून डॉक्टरांकडे गेल्या, वेळेवर पोचल्या. आमची गाडी ट्रॅक्टरला बांधून उस्तादांकडे परत आली.

उस्तादांनी या वेळीही लगेच हेड उतरवलं नाही. आधी ऑइल भरायचं झाकण उघडून दाखवलं. आतून चहावरच्या सायीसारखा पिवळट फेस लागला होता. म्हणाले, यावरून निकाल देऊ नका. थंडीत थोडंथोडं फिरणाऱ्या गाडीच्या झाकणालाही असा फेस लागतो. मग ऑइल मोजायची पट्टी काढली. तिच्यावरचं तेलही दुधाळ होतं. याचा अर्थ पाणी खालपर्यंत तेलात मिसळलं होतं. मग गार इंजिनात रेडिएटरचं झाकण काढून पाणी भरलं, सेल्फ मारला. पाण्यातून बुडबुडे येऊ लागले. सिलिंडरमधली हवा पाण्याच्या वाटेत शिरत होती. शेवटी एक-एक प्लग काढून तिथे कॉम्प्रेशनचं घड्याळ लावलं. पहिला आणि चौथा सिलिंडर ठीक, मधले दोन्ही पडलेले. तेव्हा कुठे त्यांनी पाना हातात घेतला.

ज्यांच्याकडे साधन असतं ते आणखी एक परीक्षा करतात. एका नळीत निळा द्रव भरून ती रेडिएटरच्या तोंडावर धरतात आणि तिथली हवा त्यातून ओढतात. जळलेला वायू त्या पाण्यात येत असेल तर कार्बन डायऑक्साइडमुळे निळा द्रव पिवळा होतो. आम्ही हे विज्ञानाच्या सरांना सांगितलं तर ते हसले. चुन्याच्या निवळीत फुंकर घालून ती दुधाळ करायचा प्रयोग आमच्या शाळेत पोरं दरवर्षी करतात, जात तीच.

हेड गॅसकेट म्हणजे काय ते आम्ही पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्या मध्ये बसणारी पातळ पट्टी, तिला सिलिंडरसाठी मोठी भोकं आणि पाण्या-तेलासाठी छोटी. जळणारा वायू, पाणी आणि तेल, तिघांना एकमेकांपासून दूर ठेवायचं एवढंच तिचं काम. पुष्कळ गाड्यांत हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि ठोकळा ओतीव लोखंडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. नेहमीच्या तापमानाला हा फरक गॅसकेट सांभाळून घेते. गाडी फार तापली की हेड वाकतं, पट्टीवरचा दाब कुठेतरी कमी होतो आणि तिथून ती जळते. आमच्या पट्टीवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये एक काळी रेघ होती. तिथून पाणी आत जात होतं आणि वाफ होऊन मागून निघत होतं. भर उन्हात, तापलेल्या इंजिनाने, विरता न विरणारा पांढरा लोट आणि त्याला किंचित गोडसर वास. गोड वास कूलंटमधल्या ग्लायकॉलचा. आम्ही इतकं बोअरचं पाणी ओतलं होतं की वासही फिका झाला होता.

मुळात बिघडलं होतं काय? रेडिएटरच्या खालच्या पाइपाची क्लिप सैल झाली होती. थेंब थेंब पाणी जात होतं. पाना फिरवून दोन मिनिटांत आवळता आली असती. वर आमच्या बोअरचं जड पाणी. घरच्या भांड्यांना बसतो तसला पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला होता. हेड फेसिंगला नागपूरला गेलं, रेडिएटर नवा पडला, सगळं मिळून ३१ हजार. डिसेंबरात ज्याने २२ सांगितले होते तो स्वस्त निघाला असता, फक्त तेव्हा आजार नव्हता.

पाणी घालायची वेळ आलीच तर बॅटरीचं पाणी आणि कंपनीने सांगितलेलं कूलंट, बहुतेक गाड्यांना निम्मंनिम्मं. वाटेत अडचणीत साधं पाणी घालावं लागलं तर घालावं, पण घरी आल्यावर ते काढून टाकावं. आणि पाणी पुन्हा कमी झालं तर ते जातं कुठे हे शोधावं. बंद व्यवस्थेतलं पाणी आपोआप संपत नाही.

डिझेलवाल्यांचं थोडं वेगळं आहे, आणि आमच्या जिल्ह्यात ट्रॅक्टर घरोघरी. डिझेल इंजिन थंडीत पांढरा धूर सोडतं तेव्हा बऱ्याचदा ते न जळलेलं डिझेल असतं. त्याचा वास उग्र, डोळ्यांना झोंबणारा. हीटर प्लग गेलेला असतो, नोझल नीट फवारत नसतं, टायमिंग चुकलेलं असतं किंवा कॉम्प्रेशन बसलेलं असतं. इंजिन गरम झाल्यावर धूर थांबला तर आधी हीटर प्लग बघावा, थांबलाच नाही तर पुढचं. २०२० नंतरच्या नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वतःला जाळून साफ करते तेव्हाही कधी थोडा पांढरट धूर दिसतो.

पुष्कळजण निळ्या धुरालाही पांढरा म्हणतात. निळसर झाक असेल, जळक्या तेलाचा वास असेल तर तो ऑइलचा. रात्रभर उभी राहून सकाळी एकच फुत्कार निघाला तर बहुधा व्हॉल्व्ह सील. रस्त्यावर वेग घेताना सतत निघाला तर पिस्टन रिंग. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. रंग ओळखायचा तर गाडीमागे पांढरा कागद धरून, दिवसाउजेडी, दुसऱ्या माणसाला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लावून बघावा. मात्र हे बंद गॅरेजात किंवा अंगणाच्या भिंतीला लागून करू नये. पाइपातून न दिसणारा कार्बन मोनॉक्साइडही येतो आणि तो माणसाला कळूही न देता मारतो. थंडीत दार लावून आत गाडी तापवत ठेवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

एक दुर्मीळ कारण उस्तादांनी जाता जाता सांगितलं. ब्रेकच्या बूस्टरला इंजिनातून व्हॅक्यूमची नळी येते. मास्टर सिलिंडर आतून गळत असेल तर ब्रेक ऑइल त्या नळीतून इंजिनात ओढलं जातं आणि दाट पांढरा धूर येतो. कूलंट जागच्या जागी आहे, तरी धूर आहे, तर ब्रेक ऑइलचा डबा बघा. तो कमी असेल तर गाडी तिथेच उभी करा. तेव्हा प्रश्न इंजिनाचा राहत नाही.

त्या वर्षीच्या बकरी ईदला बडे भाई सहकुटुंब भंडाऱ्याला आले. उरलेले हप्ते आम्ही एकदम काढून ठेवले होते. त्यांनी मोजून घेतले. जेवण झाल्यावर बाहेर येऊन स्वतःच आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं. नवा रेडिएटर पाहिला, क्लिपा हाताने हलवून पाहिल्या. डब्यावरच्या काळ्या टेपवर बोट ठेवून विचारलं, "ये किसने लगाई?" आम्ही उस्तादांचं सांगितलं. ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टेप है घर में?" आम्ही आतून रोल आणून दिला, आणि त्यांनी आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं.